वाड्यावरची तुळशीवृंदावने टिपता टिपता छायाचित्रण शिकूया

गोव्यात कॅमेरा नव्याने हाती घेणाऱ्याचे पहिले फोटो बहुधा मिरामार किनाऱ्यावरच्या सूर्यास्ताचे, पणजीतल्या फोंतेनियास या जुन्या वस्तीतल्या रंगीत भिंतींचे आणि दूधसागराचे असतात. ते चांगलेही येतात, कारण ती ठिकाणे मुळातच देखणी आहेत. परंतु तीन-चार महिन्यांत टिपण्याजोगे नवे काही उरले नाही असे वाटू लागते आणि कॅमेरा कपाटात जातो. माझ्या ओळखीच्या कित्येकांचा छंद असाच थांबला. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात सहा वर्षांपूर्वी मी छायाचित्रण शिकायला घेतले तेव्हा एकच विषय वर्षभर धरून ठेवायचा असे ठरवले, आणि तो विषय होता आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, एकतीस घरांसमोरची तुळशीवृंदावने. कॅमेऱ्यातले आणि संपादनातले आज मला जे येते, ते जवळजवळ सगळे या वृंदावनांपाशी उभे राहून शिकलो. म्हणून हा लेखही त्याच क्रमाने लिहितो आहे: आधी विषय, मग प्रकाश, त्यानंतर कॅमेऱ्याची बटणे आणि सर्वांत शेवटी संगणक.

विषय कसा निवडावा

विषय घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत असावा, म्हणजे पाऊस थांबून अचानक ऊन पडले तरी तिथे पोहोचता येते. तो ऋतूंप्रमाणे बदलणारा असावा. आणि तो हलणारा नसावा, कारण वस्तू जागची हलत नाही तेव्हा फोटो बदलायचा तर आपल्यालाच हलावे लागते, आणि कुठे उभे राहावे हे कळणे हा या कलेतला सर्वांत मोठा धडा आहे.

तुळशीवृंदावन या दृष्टीने फार चांगला गुरू आहे. चुन्याने किंवा पांढऱ्या रंगाने रंगवलेले वृंदावन एक्स्पोजर (फोटो किती उजळ यावा) शिकवते, वाऱ्यावर डुलणारी मंजिरी फोकस शिकवते, कोनाड्यातली पणती रंगांचे तापमान (उजेड पिवळसर की निळसर) शिकवते, आणि त्याचा सरळ उभा खांब कॅमेरा जरा जरी कलला तरी लगेच चुगली करतो. तुमच्या परिसरात दुसरे काही असेल तर तेही चालेल. खाजन (खारे पाणी बांधाने अडवून केलेल्या) शेतीच्या बांधावरची एखादी मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारी मोरी, जिचे दरवाजे भरती-ओहोटीच्या पाण्याच्या दाबाने मिटतात आणि उघडतात, ती वर्षभर पुरेल. फेरीबोटीचा धक्का, देवळाची तळी किंवा मिठागराचा एक तुकडाही पुरेल. ‘गोव्याचे निसर्गसौंदर्य’ हा विषय मात्र घेऊ नये. तो इतका मोठा आहे की त्यात शिकणारा हरवतो.

शक्य असल्यास जूनमध्ये सुरुवात करावी. पावसात वृंदावनावर शेवाळ चढते, चवथीच्या सुमारास अंगणे साफ होतात, दिवाळीआधी रंगरंगोटी होते, कार्तिकात तुळशीचे लग्न लागते, मार्चपासून पाने विरळ होतात आणि मे महिन्यात कुंडीतली माती भेगाळते. हे चक्र जूनपासून पाहिले की गोष्ट आपोआप क्रमाने उलगडते.

साधने, आणि ती पावसाळ्यात जपणे

पहिले सहा महिने हातातला मोबाइल पुरेसा आहे, फक्त त्यात सगळे हाताने ठरवू देणारा ‘प्रो’ मोड असावा आणि शक्य तर रॉ फाइल (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली नोंद) जतन करण्याची सोय असावी. कॅमेरा घ्यायचाच असेल तर जुना, वापरलेला, १८-५५ मिमीच्या लेन्ससह मिळणारा कोणताही डीएसएलआर किंवा मिररलेस चालतो. दुसरी लेन्स घेण्याची वेळ येईल तेव्हा ३५ मिमीची एफ/१.८ किंवा एफ/२, म्हणजे जास्त प्रकाश आत घेणारी लेन्स पाहावी. बहुतेक अशा कॅमेऱ्यांत असणाऱ्या एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरवर तिचे दृष्टिक्षेत्र फुल-फ्रेम सेन्सरवरच्या साधारण ५० मिमी लेन्सइतके पडते आणि वृंदावनासारख्या माणसाच्या उंचीच्या वस्तूला ते अगदी योग्य असते. नव्या कॅमेऱ्यासाठी ठेवलेल्या पैशांतून आधी एक भक्कम ट्रायपॉड घ्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. पावसाळ्यासाठी सर्क्युलर पोलरायझर हा एकच फिल्टर उपयोगाचा आहे. ओल्या पानांवरची पांढरट चमक तो काढून टाकतो आणि खालचा खरा हिरवा रंग दिसू लागतो, मात्र त्यासाठी एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) प्रकाश खर्ची पडतो.

गोव्यातल्या छायाचित्रकाराचा खरा वैरी बुरशी आहे. पहिल्याच पावसाळ्यात मी लेन्स तिच्या चामडी पिशवीत घालून लाकडी कपाटात ठेवली होती. ऑगस्टमध्ये ती काढून टॉर्चच्या उजेडात तिरकी धरली, तेव्हा आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू पसरलेले दिसले. चामडे आणि कापूस ओल धरून ठेवतात आणि अंधार व दमट हवा मिळाली की बुरशी वाढते. तेव्हापासून माझी सामग्री घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात असते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक लहान आर्द्रतामापक असतो, आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील याकडे मी लक्ष ठेवतो. जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडे करता येते. याहून चांगला उपाय म्हणजे लेन्स वरचेवर वापरणे आणि तिला उजेड दाखवणे. एसीच्या खोलीतून थेट अंगणात आलात तर काचेवर बाष्प धरते, म्हणून कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास बाहेर ठेवून मग काढावा.

पहिला महिना फक्त प्रकाशाचा

या महिन्यात कॅमेरा ऑटोवरच असू द्यावा. एकच वृंदावन निवडावे आणि एकाच दिवशी पहाटे, सकाळी नऊला, दुपारी आणि संध्याकाळी, चारही वेळा एकाच जागेवरून त्याचे फोटो काढावेत. असे चार-पाच दिवस करावे, त्यांत एक ढगाळ दिवस असावा. रात्री ते फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहावेत आणि सावली कुठे पडली, तिची कड धारदार आहे की विरघळलेली आहे, एवढेच वहीत टिपून ठेवावे.

आपल्या भागातल्या सूर्याची चाल ठाऊक असली की बरेच काम हलके होते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर ठरलेली आहे आणि गोवा त्याच्या बराच पश्चिमेला आहे, त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, तर साधारण बारा पस्तीसच्या आसपास. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तो अगदी डोक्यावर असतो, तेव्हा वृंदावनाची सावली त्याच्या पायथ्यातच मुरते आणि कोनाडे काळेठिक्कर पडतात. डिसेंबरात मात्र भर दुपारीही तो दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून जेमतेम ५१ अंशांवर असतो, आणि त्या तिरप्या उन्हात गिलाव्यावरचे नक्षीकाम उठून दिसते. म्हणून हिवाळ्यात दुपारचे फोटोही वाया जात नाहीत. सूर्यास्त नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारास होतो आणि जुलैच्या सुरुवातीस सव्वासातच्या जवळ. सूर्यास्तानंतर आपल्याकडे संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. आकाशाचा निळा आणि पणतीचा पिवळा यांचे तेज बरोबरीला येते तो वेळ वीस-बावीस मिनिटांत संपतो.

घर पूर्वाभिमुख असेल तर अंगणात उभे राहून घराकडे पाहताना सकाळी वृंदावनावर समोरून ऊन पडते, आणि संध्याकाळी ते घरामागून येते. संध्याकाळच्या त्या प्रकाशात तुळशीची पाने आतून पेटल्यासारखी दिसतात. एकदा हे पाहिले की ‘फोटोसाठी ऊन पाठीवर घ्यावे’ हा जुना सल्ला नेहमी पाळायचा नसतो, हे निराळे सांगावे लागत नाही.

एक्स्पोजर: तीन बटणे आणि एक पांढरे वृंदावन

फोटो किती उजळ येणार हे ॲपर्चर (लेन्सचे छिद्र), शटर स्पीड (ते किती वेळ उघडे राहते) आणि आयएसओ (सेन्सरचा संदेश किती वाढवायचा) या तिघांनी ठरते. ॲपर्चरचा आकडा उलटा का वाटतो, याचे उत्तर साध्या भागाकारात आहे. ५० मिमीच्या लेन्सचे छिद्र २५ मिमी असेल तर ते एफ/२, आणि सव्वासहा मिमी असेल तर एफ/८. भाजक मोठा झाला की छिद्र लहान होते. एफ/२, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या ओळीतली प्रत्येक पायरी आधीच्या निम्मा प्रकाश देते. शटरमध्ये १/६० वरून १/१२५ वर गेलात तरी प्रकाश निम्मा होतो, आणि आयएसओ १०० वरून २०० केलात तर सेन्सरचा संदेश दुप्पट वाढवला जातो. या निम्मे-दुपटीच्या एका पायरीला स्टॉप म्हणतात.

हे पाठ करण्यापेक्षा हाताने करून पाहावे. ढगाळ पण उजळ दुपारी, आयएसओ १०० ठेवून, कॅमेरा ट्रायपॉडवर लावावा आणि एकाच वृंदावनाचे तीन फोटो घ्यावेत: एफ/४ व १/५००, एफ/८ व १/१२५, एफ/१६ व १/३०. तिन्हींचा उजेड सारखाच येईल. पण पहिल्यात मागचे घर धूसर होईल आणि मंजिरी स्थिर राहील, तर तिसऱ्यात दाराच्या कडीपर्यंत सारे स्पष्ट येईल आणि वाऱ्याने हललेली मंजिरी पुसट होईल. या तिघांपैकी कोणता फोटो हवा हे ठरवता आले की बटणांची भीती जाते.

फोकसची खोली किती कमी असू शकते याचा अंदाज नवख्याला नसतो. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ३५ मिमीच्या लेन्सने, एक मीटरवरून, एफ/२ वर फोटो घेतला तर साधारण साडेसहा सेंटीमीटरचाच पट्टा स्पष्ट येतो. तुळशीचे रोप याहून जाड असते, म्हणून पुढची मंजिरी नेमकी आली की मागचा शेंडा विरतो. एफ/८ वर हाच पट्टा चौपट होतो. ‘ब्लर’ सुंदर दिसतो म्हणून सतत सर्वांत मोठे छिद्र वापरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. कॅमेऱ्याला आपण होऊन फोकस निवडू देऊ नये, एकच फोकस-बिंदू ठेवून तो हव्या त्या पानावर नेऊन ठेवावा.

आता पांढऱ्या वृंदावनाकडे वळू. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो, त्यामुळे चुना लावलेले वृंदावन चौकटभर घेतले की फोटोत ते मळकट राखाडी येते. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मापकाने ठरवलेला उजेड वाढवण्या-घटवण्याचे बटण) +१ करावे. पावसाने भिजून काळवंडलेला चिरा असेल तर उलट -०.७ करावे, नाहीतर तो फिकट आणि धुरकट येतो. किती वाढवायचे याचा निवाडा पडद्याकडे पाहून करू नये, कारण उन्हात पडदा फसवतो. हिस्टोग्राम, म्हणजे गडद ते उजळ भाग दाखवणारा आलेख, पाहावा. उजव्या कडेला त्याचा डोंगर चिकटून कापला गेला असेल तर तिथला तपशील गेलेला आहे आणि कोणतेही सॉफ्टवेअर तो परत आणू शकत नाही. झेंडूच्या माळा आणि कुंकू यांच्या बाबतीत लाल, हिरव्या, निळ्या रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावावा. एकूण आलेख सुरक्षित दिसत असताना एकटा लाल रंग कापला जातो, आणि मग झेंडूच्या पाकळ्या वेगळ्या दिसतच नाहीत, नुसता नारिंगी डाग उरतो.

पाऊस टिपायचा असेल तर १/३० ला धारा दिसतात आणि १/५०० च्या पुढे थेंब गोठतात. धारा दिसण्यासाठी मागची बाजू गडद हवी, उघड्या आकाशासमोर त्या हरवतात.

चौकट

वृंदावनाच्या खांबाच्या उभ्या कडा फोटोत समांतर राहाव्यात असे वाटत असेल तर कॅमेरा वर किंवा खाली कलवू नये. गुडघ्यांत वाकून लेन्स वृंदावनाच्या निम्म्या उंचीवर आणावी आणि चार पावले मागे जाऊन किंचित झूम करावे. जवळ जाऊन वाइड लेन्सने काढलेल्या फोटोत पायथा फुगतो आणि तुळस दूर पळाल्यासारखी दिसते.

जर्मनीतले बर्न्ड आणि हिला बेशर या जोडप्याने १९५९पासून पाण्याच्या टाक्या, भट्ट्या अशा औद्योगिक बांधकामांचे फोटो एकाच पद्धतीने काढले: समोरून, सारख्या चौकटीत, ढगाळ आकाशाखाली, म्हणजे सावलीचा अडथळा न येता आकारांतला फरक नजरेत भरतो. गोव्यात असे ढगाळ आकाश जून ते सप्टेंबर फुकट मिळते. मी एकतीसही वृंदावने जुलैमध्ये या पद्धतीने टिपली. सर्वत्र तेच अंतर, तीच उंची आणि तीच ३५ मिमी लेन्स. ते फोटो एका पानावर मांडले, तेव्हा कुणाच्या वृंदावनाला कमळाचा पायथा आहे, कुणाच्या कोनाड्याला कमान आहे, कुणी जुन्या चिऱ्यावर फरशी चिकटवली आहे, हे रोज त्याच वाटेने जाऊनही न दिसलेले सारे मला प्रथमच दिसले. शिकणाऱ्याने हा भाग वगळू नये. त्यात कलाकारी कमी वाटते, पण हात आणि डोळा त्यातूनच तयार होतो.

मागे स्कूटर, केबलची वायर किंवा निळे प्लॅस्टिक येत असेल तर आधी एक पाऊल डावी-उजवीकडे सरकून पाहावे. दहापैकी आठ वेळा तेवढ्याने काम होते.

परवानगी

अंगण हे घराचाच भाग असते. वाड्यावरचे लोक ओळखीचे असले तरी प्रत्येक वेळी विचारावे. माझा प्रश्न ठरलेला असतो, “काकी, फोटो काडूं?” आणि पुष्कळदा उत्तर येते, “काड रे, पूण म्हजो नाका, तुळशीचो काड.” ते उत्तर शब्दशः पाळावे. दिवा लावणाऱ्या बाईचा चेहरा फोटोत येणार असेल तर निघण्यापूर्वी तिला तो फोटो दाखवावा. अनेक देवळांच्या गाभाऱ्यात छायाचित्रणाला मनाई असते, आणि फोंतेनियासमध्ये तर आपल्या दारात सतत चालणाऱ्या फोटोंना कंटाळून रहिवाशांनी फलक लावले आहेत. गोव्याच्या पर्यटन खात्यानेही जानेवारी २०२३मध्ये सूचना काढून, अनोळखी पर्यटकांचे, विशेषतः ते पोहत किंवा ऊन घेत असताना, परवानगीवाचून फोटो घेऊ नयेत असे बजावले होते. पाहुण्याला जो मान आहे तो शेजाऱ्यालाही असावा.

व्हडल्या दिवाळीची संध्याकाळ

तुळशीच्या लग्नाला आपल्याकडे व्हडली दिवाळी म्हणतात, आणि शिकणाऱ्यासाठी ही वर्षातली सर्वांत मोलाची संध्याकाळ आहे. वृंदावन नुकतेच रंगवलेले असते, कडेला ऊस बांधलेला असतो, आणि नवरदेव म्हणून रोवलेल्या दिंड्याच्या काठीशेजारी आवळ्याची व चिंचेची फळांसकट फांदी असते. भटजी एका घरातून दुसऱ्या घरात जातात, त्यामुळे तोच अंतरपाट, त्याच मंगलाष्टका आणि त्याच अक्षता एका संध्याकाळी पाच-सहा वेळा समोर येतात. पहिल्या घरी झालेली चूक तिसऱ्या घरी सुधारता येते, अशी संधी दुसऱ्या कोणत्याही सणात मिळत नाही.

फ्लॅश बंद ठेवावा, तो पणतीचा उजेड मारून टाकतो. विजेच्या माळा आणि ट्यूबलाइट असतील तर आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि वेगवान शटरने फोटोत काळे पट्टे येतात. १/५० किंवा १/१०० ठेवले की ते जातात. गेल्या वर्षी मला सर्वांत आवडलेल्या फोटोची वहीतली नोंद अशी आहे: सूर्यास्तानंतर पंधरा मिनिटे, एफ/४, १/३०, आयएसओ १६००, कोपर अंगणाच्या कठड्यावर टेकवून. अक्षता उडालेल्या आहेत आणि १/३० मुळे प्रत्येक तांदळाच्या दाण्याची एक छोटी तिरकी रेघ झाली आहे. ज्योतीचा मधला भाग पूर्ण पांढरा झाला आहे, आणि तो तसाच असू द्यावा. ज्योतीत तपशील आणायला गेलो असतो तर आवळ्याची फांदी काळी पडली असती.

निवड आणि साठवण

फोटो काढलेल्या दिवशी निवड करू नये. घेताना झालेले श्रम तेव्हा मनात ताजे असतात आणि साधा फोटोही चांगला वाटतो. आठवडा जाऊ द्यावा, मग दहातला एक ठेवावा. फोल्डरला ‘२०२४-११-१३-वृंदावन’ असे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे नाव दिले की क्रम आपोआप लागतो. मूळ फाइलच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. माझी बाहेरची प्रत बहिणीच्या घरी एका हार्ड डिस्कवर असते.

संपादन

फोटो रॉमध्ये का घ्यावा हे इथे कळते. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. सावलीतला कोनाडा उजळायला घेतला की जेपीईजीत पट्टे आणि डाग येतात, रॉमध्ये त्यातली पणती दिसू लागते. सॉफ्टवेअर म्हणून डार्कटेबल विनामूल्य आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालते. सुरुवातीला ते किचकट वाटते, पण पहिल्या महिन्यात त्यातली सहा-सात साधनेच वापरावीत. लाइटरूम सोपे आहे, परंतु त्याला सदस्यत्वाचे पैसे पडतात. मोबाइलवर स्नॅपसीड रॉ फाइलही उघडते. डार्कटेबल आणि लाइटरूम मूळ फाइलला हात न लावता केलेले बदल वेगळे नोंदवतात, त्यामुळे निर्धास्तपणे प्रयोग करावेत.

माझा क्रम ठरलेला आहे आणि नवख्याने तो मोडू नये. आधी लेन्सचा दोष दुरुस्त करून फोटो सरळ करावा आणि कापावा, कारण चौकटीबाहेर जाणाऱ्या आकाशासाठी उजेड जुळवण्यात अर्थ नसतो. मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून केलेला रंगांचा तोल. दिवसाच्या फोटोत वृंदावनाच्या न रंगवलेल्या सिमेंटवर क्लिक केले की रंग बहुतेक जुळतात. पणतीच्या फोटोत मात्र असे करू नये. तेलाच्या ज्योतीच्या रंगाचे तापमान २००० केल्विनच्या आसपास, तर दिवसाच्या उजेडाचे ५५०० केल्विन धरतात. सॉफ्टवेअरला ज्योत ‘दुरुस्त’ करू दिली तर पिवळा उजेड पांढरा होतो, आकाश भडक निळे पडते आणि संध्याकाळच नाहीशी होते. ४००० केल्विनच्या आगेमागे दोन्ही रंग आपापल्या जागी राहतात.

यानंतर एकूण उजेड, मग सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ बिंदू, आणि त्यानंतरच हायलाइट (उजळ भाग) व शॅडो (गडद भाग). शॅडोची पट्टी पूर्ण वर नेण्याचा मोह फार होतो. पण कोनाड्यात अंधार असतो म्हणून तर पणती उजळ दिसते. तो अंधार थोडा राखावा. क्लॅरिटी (कडांचा उठाव वाढवणारी पट्टी) जास्त झाली की चुन्याचा गिलावा वाळूसारखा खरखरीत दिसतो आणि खांबाच्या कडेने आकाशात पांढरी किनार उमटते. ती किनार दिसली की मागे यावे.

रंगांमध्ये हिरवा सर्वांत जास्त बिघडतो. मोबाइल तर तुळशीचे पान पोपटी करूनच देतो. पिवळ्या आणि हिरव्याची तीव्रता दहा-पंधरा अंकांनी कमी करावी आणि उजळपणा किंचित उतरवावा. आमच्या शेजारी कृष्णतुळस आहे. तिच्या देठांवर आणि पानांच्या शिरांवर जांभळी झाक असते. मी सुरुवातीला केलेल्या फोटोंत हिरवा इतका वाढवला होता की ती झाक उरलीच नव्हती आणि दोन्ही तुळशी एकसारख्या दिसत होत्या. खाली वाकून पान हातात घेतल्यावर चूक लक्षात आली. तेव्हापासून रंगाबद्दल शंका आली की मी पडदा सोडून अंगणात जाऊन पाहून येतो. विषय घराजवळ असावा म्हणतो त्याचे हेही एक कारण आहे.

मग स्थानिक बदल: मास्क लावून, म्हणजे फोटोचा तेवढाच भाग निवडून, वृंदावन पाव स्टॉप उजळ आणि कोपऱ्यातला उजळ डबा तेवढाच गडद केला की नजर आपोआप जिथे हवी तिथे जाते. नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) कमी करताना फोटो १०० टक्के मोठा करून पाहावा. रंगीत ठिपके पूर्ण काढावेत, साधे दाणे थोडे राहू द्यावेत. शार्पनिंग सर्वांत शेवटी, ज्या आकाराची प्रत हवी त्या आकारावर करावे. मी फोटोतून वस्तू पुसत नाही. वायर असेल तर ती राहते, कारण दहा वर्षांनी तीही त्या अंगणाची खूण असणार आहे.

पडद्याबद्दल एक कळकळीची सूचना. पहिल्या वर्षी मी चाळीस फोटो रात्री, खोलीतले दिवे घालवून, लॅपटॉपचा उजेड पूर्ण ठेवून तयार केले, आणि डोळ्यांना बरे म्हणून पडदा पिवळसर करणारी सोयही चालू होती. छापून आले ते सगळे काळपट आणि निळसर. पडदा प्रखर होता म्हणून मी फोटो गडद करत गेलो होतो, आणि तो पिवळा होता म्हणून रंग थंड करत गेलो होतो. चाळीसही फोटो पुन्हा करावे लागले. म्हणून ती सोय बंद करावी, पडद्याचा उजेड मध्यम ठेवावा, आणि काम संपल्यावर फोटो लगेच पाठवून न देता दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा पाहावा.

छपाई

वर्षाअखेरी वीस-चोवीस फोटो निवडून छापून घ्यावेत. ८ × १२ इंचांच्या प्रतीला, इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने, २४०० × ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे नऊ मेगापिक्सेलसुद्धा नाहीत. त्यामुळे जुन्या कॅमेऱ्याची खंत बाळगू नये. स्टुडिओला फाइल एसआरजीबी या प्रमाणित रंगप्रणालीत द्यावी आणि सर्व छापण्याआधी दोन फोटोंच्या लहान प्रती काढून पाहाव्यात. कागद पडद्यासारखा उजळत नाही, म्हणून बहुतेक फोटो एक-तृतीयांश स्टॉप उजळ करून पाठवावे लागतात. प्रती दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी तपासाव्यात.

सगळ्या प्रती जमिनीवर पसरून क्रम लावावा. शेजारी शेजारी येणारे दोन फोटो एकमेकांना मारतात की उठाव देतात, हे पडद्यावर कळत नाही. क्रम लागल्यावर ज्या घराचे वृंदावन, त्या घरी त्याची एक प्रत नेऊन द्यावी. प्रतीच्या मागे, कडेला, घराचे नाव आणि तारीख न पसरणाऱ्या शाईच्या पेनाने, जोर न देता लिहावी, आणि शाई पूर्ण वाळेपर्यंत प्रती एकावर एक ठेवू नयेत, नाहीतर ती खालच्या फोटोच्या चेहऱ्यावर उमटते.